बाबांचं पथ्य

रोज सकाळी, चहाच्या आधी, मी बाबांची लघवी उकळत असे. न्हाणीघराबाहेरच्या पायरीवर स्पिरिटचा दिवा ठेवायचा, काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध ओतायचं, त्यात ड्रॉपरने मोजून आठ थेंब टाकायचे आणि लाकडी चिमट्यात नळी धरून ज्योतीवर हलवत राहायचं. निळा रंग तसाच राहिला तर साखर नाही. हिरवट झाला तर थोडी, पिवळा झाला तर बरीच, आणि भाजलेल्या विटेसारखा तांबडा झाला तर डॉक्टरांकडे जायचं. उकळी फुटली की जो वास सुटे तो माझ्या वेणीत बसे. शाळेत शेजारची मुलगी जरा सरकून बसली तरी मला वाटायचं, हिला कळलं.

हे काम माझ्याकडे आलं ते मी पंधरा वर्षांची असताना, आणि आलं ते दुसरं कुणी करेना म्हणून. घरात आम्ही तिघंच. आईने पहिल्या दिवशीच सांगितलं की ती नळी स्वयंपाकघराच्या चौकटीच्या आत येता कामा नये, आणि ती स्वतः तिला हात लावणार नाही. बाबांना तर बघवतच नसे. ते बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पायरीवर ठेवत आणि पाठ फिरवून अंगणात उभे राहत. रंग काय आला हे मी त्यांच्या पाठीला सांगायची.

बाबा कोण होते हे सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. ग्वाल्हेर संस्थान होतं तेव्हा ते दरबाराच्या मुदपाकखान्यावर देखरेखीला होते. मुदपाकखाना म्हणजे राजवाड्याचं स्वयंपाकघर. ते स्वतः रांधत नसत, चाखत. बासुंदी पुरेशी आटली का, पाक एकतारी आहे की दोनतारी, श्रीखंडाचा चक्का आंबट तर नाही, हे ते बोटाच्या टोकावर थेंब घेऊन सांगत. त्यांनी मान हलवल्याशिवाय कढई उतरत नसे. लश्करमधल्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागातल्या, मराठी घरांत लग्नमुंज असली की आचाऱ्यापेक्षा आधी बाबांना बोलावणं यायचं. लोक त्यांच्या जिभेबद्दल असं बोलत जसं एखाद्या गवयाच्या गळ्याबद्दल बोलावं.

मग संस्थान विलीन झालं. आम्ही मध्य भारत नावाच्या नव्या राज्यात गेलो. मुदपाकखान्यातली बहुतेक माणसं कमी झाली, आणि बाबांना सरकारच्या पुरवठा खात्यात कारकून म्हणून घेतलं. मागच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, हिंदीतल्या फायलींवर शेरे मारायचे. तिथे त्यांच्या जिभेशी कुणाला काही कर्तव्य नव्हतं.

दोनेक वर्षांत ते वाळायला लागले. अंगरखा खांद्यावरून उतरू लागला. तांब्यामागून तांबे पाणी पीत. आणि न्हाणीघराच्या मोरीला मुंग्या लागू लागल्या. आईला वाटलं, कुणीतरी गुळाचं पाणी ओतलं असणार. ती रोज राख टाकायची, मुंग्या रोज यायच्या.

त्या मुंग्यांचा अर्थ कुणालाच लागला नाही, कारण बाबांच्या वाळण्याचा अर्थ सगळ्यांनी आधीच लावून टाकला होता. संस्थान गेलं ते त्यांनी मनाला लावून घेतलंय, असं आत्या म्हणायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, दोन गल्ल्यांवर राहायची, आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. तिच्या मते दुःखाने खंगलेल्या माणसाला एकच औषध, ते म्हणजे खाऊ घालणं. मग कुणी डिंकाचे लाडू आणी, कुणी खवा, कुणी नया बाज़ारातून गरम इमरती. बाबा खात, आणि आणखी वाळत. सगळं गाव त्यांना मायेने मारत होतं, असं आज मला वाटतं.

शेवटी ते ऑफिसात भोवळ येऊन पडले, तेव्हा डॉक्टर आले. डॉक्टर वयस्क होते, हिंदी बोलणारे, पण मराठी घरांत फिरून फिरून मराठी शिकलेले. त्यांनी बाटलीतला नमुना नेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की मधुमेह आहे. साखर बंद, गूळ बंद, भात बंद, बटाटा बंद. जव आणि हरभऱ्याच्या पिठाची भाकरी, पालेभाजी, कारलं, ताक. ‘दवा से ज़्यादा परहेज़,’ ते म्हणाले, आणि मग बाबांकडे बघून मराठीत: ‘पथ्य तुम्हालाच पाळायचंय. घरातलं दुसरं कुणी ते पाळू शकत नाही.’

आई दाराआडून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं: जव आणि हरभरा तर पागेत घोड्यांना घालायचे. आमच्या शेजारी जुन्या शिलेदारांची घरं होती, त्यामुळे हे ती उगीच म्हणत नव्हती. ज्या माणसाने राजवाड्याची पक्वान्नं पारखली त्याच्या ताटात घोड्याचं खाणं वाढायचं, हे तिला त्यांच्या आजारापेक्षा जास्त लागलं. तिने ते वाढलं, पण स्वयंपाकघराचं दार लावून. आधी बाबा जेवायचे, एकटे, भिंतीकडे तोंड करून, मग दार उघडायचं आणि घर जेवायचं. बाहेर सांगायचं ते पोटाचा विकार आहे असं.

लपवायचं कारण आत्याने सांगितलं. हा रोग बापाकडून मुलीत उतरतो, आणि मुलगी लग्नाची होत आलीय. हे ती माझ्यासमोरच बोलली. मी तेव्हा भाजी निवडत होते. त्या दिवसापासून बाबांचं पथ्य हा त्यांचा प्रश्न उरला नाही, माझा झाला. ते जवाची भाकरी खाताना कुणी बघितलं तर माझं लग्न मोडणार होतं.

आता मी ग्वाल्हेरच्याच नव्या भागात, सिटी सेंटरच्या कॉलनीत राहते. इथे सकाळी फिरायला येणारे लोक एकमेकांना आपल्या साखरेचे आकडे हवापाण्यासारखे सांगतात. त्यांना हे पटणार नाही. पण तेव्हा आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे.

पहिले तीन-चार महिने बाबांनी पथ्य नेटाने पाळलं. नळी हिरवी येऊ लागली, एकदोनदा तर निळीच राहिली, आणि ते पाठ न फिरवता माझ्याकडे बघून हसले. डॉक्टरांनी एक वही दिली होती, तिच्यात मी रोजचा रंग लिहायची.

मग निरोपाची जेवणं सुरू झाली. मुदपाकखान्यातले जुने लोक एकेक करून गाव सोडत होते, कुणी मुलाकडे इंदूरला, कुणी पुण्याला. जाण्याआधी प्रत्येक जण एक पंगत घालायचा, आणि बाबांना न बोलावणं शक्यच नव्हतं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. जुना आचारी, सत्तरीचा असेल, बाबांच्या पानासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, साहेब, आपण जीभ लावल्याशिवाय माझा पाक कधी उतरला नाही, आज शेवटचा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शेजारचे थांबून बघत होते. बाबांनी एक जिलबी उचलली, तोंडात घातली आणि डोळे मिटले. कित्येक महिन्यांत मी त्यांचा चेहरा तसा पाहिला नव्हता. मग दुसरी. मग वाढणाऱ्याने विचारणंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी नळी तांबडी आली. मी त्यांच्या पाठीला तसं सांगितलं.  ते न वळताच म्हणाले, ‘हिरवा लिही.’

मी हिरवा लिहिला. पुढे त्यांना सांगावं लागत नसे. महिन्याच्या शेवटी डॉक्टर वही चाळायचे, सगळा हिरवा बघून मान डोलवायचे, मग बाबांच्या गालफडांकडे बघायचे आणि वही मिटून परत द्यायचे. त्यांना समजत असणार. पण एका सभ्य माणसाच्या मुलीला खोटी कसं म्हणायचं, या अडचणीत तेही सापडले होते.

बाबांची मला किळस कधी वाटायला लागली, तो दिवस मला नेमका आठवतो. दुपारची वेळ. आई आत्याकडे गेली होती. मी शाळेतून लवकर आले, आणि कोठीच्या खोलीत खुडबुड ऐकली म्हणून डोकावले. बाबा जमिनीवर उकिडवे बसले होते, समोर गुळाची ढेप. ते नखांनी ती उकरत होते आणि मूठ तोंडाला लावत होते. हनुवटीवरून चिकट लाळ ओघळत होती. गुळाला मुंगळे लागले होते, तेही त्यांच्या तोंडात जात होते. एक त्यांनी जिभेच्या टोकावर आणून थुंकला आणि पुन्हा मूठ भरली. बासुंदीच्या एका थेंबावरून दूध कुठल्या गोठ्यातलं ते सांगणारी हीच जीभ. त्यांनी मला पाहिलं. हात थांबला, पण तोंड चावतच राहिलं. मी दार लोटून घेतलं. 

त्या रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी जवाची भाकरी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून खाल्ली, आणि आईने कौतुकाने मला सांगितलं की बघ, किती निग्रह आहे. मला तिचीही किळस आली. नंतर मला समजलं की ढेप कमी होते हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. कोठीच्या किल्ल्या तिच्याच कमरेला असत. ती दुपारी दार उघडं ठेवून जायची. आपल्या माणसाला उपाशी बघवत नाही, असं तिने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्यांना समोर बसवून वाढायची तिला हिंमत नव्हती, आणि न वाढता राहायचीही.

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारत संपला, राजधानी भोपाळला गेली. लश्करमधली कितीतरी घरं बिऱ्हाड बांधू लागली, आणि ज्यांना मुली होत्या त्या घरांत एकच बोलणं, भोपाळच्या सचिवालयातला मुलगा. आत्याने तसा एक शोधून काढला. माणसं इंदूरची, तोलामोलाची. पत्रिका जुळली. मुलाचे आईवडील मला पाहायला आणि जेवायला येणार असं ठरलं.

पण त्यांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. मध्यस्थाने येऊन हलकेच विचारलं की वडिलांची प्रकृती कशी असते. आत्या म्हणाली, आता एकच उपाय. त्या दिवशी यांनी सगळ्यांच्या पंगतीत बसायचं आणि सगळ्यांबरोबर खायचं, म्हणजे तोंडं बंद.  मी बाबांकडे बघत होते, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते दुःख नव्हतं. त्यांना खायची परवानगी मिळाली होती, आणि तीही माझ्या भल्यासाठी.

त्या सकाळी नळी इतकी तांबडी आली की तळाशी गाळ बसला. शिवाय आठवडाभर आधी घेतलेला नवा जोडा त्यांच्या उजव्या पायाला चावला होता. अंगठ्याजवळची जखम भरत नव्हती. पाहुण्यांसमोर दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर पट्टी बांधून मोजा चढवला. पाटावर बसायला मोजा घालून कुणी येत नाही, म्हणून थंडी वाजते असं सांगायचं ठरलं. मी वाकून वाढत होते तेव्हा मोज्यातून वास येत होता, गोडसर, कुजल्यासारखा. तूप, केशर आणि तो वास.

जिलबी मीच वाढायची होती, मुलीचा हात पाहुण्यांना दिसावा म्हणून. मुलाचे वडील बाबांच्या शेजारच्या पाटावर होते. जाडजूड, हसरे गृहस्थ. ते जेवण्यापेक्षा बाबांचं पानच जास्त बघत होते.

‘आम्ही ऐकलं होतं, आपलं पथ्य असतं म्हणून,’ ते म्हणाले.

‘पोटाचं जरा होतं,’ बाबा म्हणाले. ‘आता काही नाही.’

‘मग होऊन जाऊ द्या की. आमच्या आग्रहाची एक.’

बाबांनी खाल्ली. मग आत्याच्या आग्रहाची एक. मग मुलाच्या वडिलांनी स्वतः खाऊन, तुमच्यासाठी मी, माझ्यासाठी तुम्ही, असं लावलं. हसत होते, पण मोजत होते. सगळी पंगत मोजत होती. आई चौकटीत उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती, वाढ. मी वाढत होते. बाबांच्या ओठांच्या कडेला पाक वाळून पांढरा झाला होता, आणि त्यांचा घसा सारखा पाणी मागत होता. पाणी जास्त प्यायलं तरी संशय येईल, म्हणून ते घोट घोट घेत होते. त्यांची नजर माझ्या हातातल्या ताटावरून हलत नव्हती. ते माझ्यासाठी खात नव्हते. निदान नुसतं माझ्यासाठी नाही. आणि त्यांच्या शेजारी तो मनुष्य एखादं जनावर बाजारात पारखावं तसा त्यांचा जबडा बघत होता.

नववी जिलबी माझ्या हातात होती.

‘घाल ग,’ बाबा म्हणाले.

मी ती परत ताटात ठेवली. मी म्हणाले, ‘बाबांना मधुमेह आहे. आज सकाळी मी स्वतः तपासलंय. त्यांच्या पायाला जखम आहे, ती सडतेय. मी त्यांना आता वाढणार नाही.’

माझा आवाज चढला नव्हता. पंगतीत कुणाचाही हात पानावरून तोंडाकडे गेला नाही. मुलाच्या वडिलांनी आपल्या पानावर पाणी सोडलं, ते उठले, आणि आईकडे वळून स्वयंपाक उत्तम झाला होता असं म्हणाले. अर्ध्या तासात माणसं निघून गेली. आत्याने जाताना मला सांगितलं की तू बापाचं नाक कापलंस आणि स्वतःचं कपाळ फोडलंस. आई माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही.

बाबा बोलले, त्याच संध्याकाळी. मोजा काढून पाय उशीवर ठेवला होता. म्हणाले, ‘आजवर मला आजार होता. आज तू मला आजारी केलंस.’

दोन महिन्यांनी त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. इस्पितळात ड्रेसिंगच्या वेळी मीच थांबत असे. एकदा त्यांनी विचारलं, ‘तू त्या दिवशी माझ्या भल्यासाठीच बोललीस ना?’ मी हो म्हणाले. त्यांचं समाधान झालं. खरं असं होतं की त्या क्षणी मला त्यांच्या भल्याचा विचारही शिवला नव्हता. मला नुसती किळस आली होती, पाकाची, पायाची, त्या माणसाच्या हसण्याची, आणि माझ्या स्वतःच्या हातातल्या ताटाची. ती मला आणखी एक पळ सहन झाली नसती.

पण एक गोष्ट झाली. आता सगळ्या लश्करला माहीत होतं, आणि त्यामुळे स्वयंपाकघराचं दार लावायचं कारण संपलं. बाबा उघड्या दारात बसून जवाची भाकरी खाऊ लागले. सुरुवातीला ते रागाने खात, माझ्याकडे बघत, प्रत्येक घास मला दाखवत. राग ओसरला तोवर सवय झाली होती. पंगतीची बोलावणी हळूहळू थांबली. पथ्याच्या माणसाला बोलावून काय वाढायचं, हा लोकांना अवघड प्रश्न होता. काही जण घरी येऊन अजूनही म्हणत, एवढ्याशाने काय होतंय. एका नातेवाइकाने तर पेढ्याचा तुकडा त्यांच्या ओठांना लावला. बाबांनी तो हाताने पुसला आणि म्हणाले, ‘मुलगी ओरडते.’ माझं नाव ते ढालीसारखं वापरत. मी कधी ओरडले नव्हते.

ते त्यानंतर अकरा वर्षं जगले. मी मास्तरणीचं शिक्षण घेतलं आणि लश्करमधल्या गोरखी वाड्याजवळच्या एका मुलींच्या शाळेत लागले. लग्न झालं नाही. ते त्या जिलबीमुळे, असं आत्या शेवटपर्यंत सांगत राहिली. मला तसं वाटत नाही. पण नक्की नाही म्हणूनही सांगता येत नाही.

बाबा गेले ते न्यूमोनियाने. तेराव्याला आईने जुन्या आचाऱ्यांपैकी कुणी उरलंय का याची चौकशी केली. एक सापडला, त्याला बोलावलं. बासुंदी, जिलबी, साखरभात, सगळं एकाच दिवशी. मी म्हटलं, अग, इतकं कशाला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आता त्यांना सगळं चालतं.’

तिने बाबांच्या नावाचं पान स्वतः वाढलं. जिलब्यांवर जिलब्या रचल्या, बासुंदीची वाटी काठोकाठ भरली. पुरुषांची पंगत बसली. ज्यांनी ज्यांनी बाबांना आग्रह केला होता त्यातले बरेच जण होते, आता पिकलेले, दोघांना तर स्वतःलाच मधुमेह. एकमेकांना म्हणत होते, त्यांच्या नावाने आणखी एक. आणि खात होते. चपचप आवाज येत होता. मी मागच्या दारी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

जेवणं उरकल्यावर आईने ते पान उचलून गल्लीतल्या गाईपुढे ठेवलं. जिभेच्या एका फटक्यात गाईने जिलब्या ओढून घेतल्या. आई पान रिकामं होईपर्यंत तिथे उभी होती. मग पाय धुऊन आत आली आणि मला म्हणाली, जेवून घे, सकाळपासून काही खाल्लं नाहीस.

मी ताक-भाकरी घेतली.